46 पैकी 22 जागा, तरी सत्ता लेबरची कशी?

तुम्ही विचारलंय की ब्रिटनमधल्या वेल्सच्या मॉनमथशायर काउंटी कौन्सिलच्या (म्हणजे तिथल्या स्थानिक स्वराज्य संस्थेच्या) 2022 च्या निवडणुकीत लेबर पक्षाला 46 पैकी 22 च जागा मिळाल्या, मग सत्ता त्यांच्याकडे कशी आणि आघाडी नेमकी कोणाशी? मी याच काउंटीतल्या ॲबरगव्हेनी गावात राहते, त्या निवडणुकीत मतदानही केलं होतं, म्हणून लिहिते.

सुरुवातीला आघाडी नव्हतीच. पहिलं वर्ष लेबरने अल्पमतातच काढलं आणि मेरी ॲन ब्रॉकलेस्बी लीडर, म्हणजे कौन्सिलच्या कारभाराच्या प्रमुख, झाल्या. आधी इथे कॉन्झर्व्हेटिव्ह पक्षाचं राज्य होतं. 2017 ला 43 पैकी 25 जागा त्यांच्या, आणि अख्ख्या वेल्समध्ये त्यांचं बहुमत असलेली ही एकच कौन्सिल. 2022 ला ते 18 वर आले. उरलेल्या सहा जागांपैकी पाच अपक्षांनी घेतल्या आणि एक ग्रीन पक्षाने.

आता गंमत बघा. लॅनफॉइस्ट आणि गोविलॉन या वॉर्डात एका जागेसाठी लेबर आणि कॉन्झर्व्हेटिव्ह उमेदवारांना अगदी सारखी मतं पडली. कायदा म्हणतो, अशा वेळी नशिबावर सोडा. मग झाला छापा-काटा, आणि जागा गेली कॉन्झर्व्हेटिव्हकडे. आपल्याकडे मुंबई महापालिकेच्या 2017 च्या निवडणुकीत प्रभाग 220 मध्ये दोघांना 5,946 मतं पडली होती आणि चिठ्ठी काढावी लागली होती, तसंच हे. नाणं उलटं पडलं असतं तर लेबर 23 आणि बाकी सगळे मिळून 23. कौन्सिलच्या सभेत समान मतं पडली की सभेच्या अध्यक्षाला निर्णायक मत देता येतं, म्हणजे अध्यक्ष आपला असला की काम भागलं असतं. त्या एका नाण्यामुळे पुढचं सगळं राजकारण अपक्षांच्या दारात गेलं, असं माझं मत.

22 जणांवर कारभार चालतो कसा? लीडर सगळी कौन्सिल मिळून निवडते, आणि विरोधातले 24 म्हणजे काही एक पक्ष नव्हे. कॉन्झर्व्हेटिव्ह, अपक्ष आणि ग्रीन यांनी एकाच नावावर हात वर केले तरच लेबरचं गणित बिघडणार. ते काही जमण्यासारखं नव्हतं. रोजचे निर्णय लीडरचं छोटं मंडळ, म्हणजे कॅबिनेट, घेतं. पण दरवर्षीचं बजेट आणि कौन्सिल टॅक्स (घरांवरचा स्थानिक कर) पूर्ण सभेपुढे ठेवावाच लागतो. अल्पमतवाल्यांना घाम फुटतो तो तिथे, कारण तेव्हा प्रत्येक अपक्षाचा भाव वधारतो.

म्हणून 2023 मध्ये लेबरने ‘ग्रीन इंडिपेंडंट’ या छोट्याशा गटाशी हातमिळवणी केली. तुम्ही ज्या आघाडीबद्दल विचारताय ती हीच. ग्रीनचे सदस्य इयन चँडलर कॅबिनेटमध्ये आले आणि त्यांना सोशल केअर खातं मिळालं. म्हातारी माणसं, अपंग, अडचणीतली मुलं, हे सगळं त्यात येतं. शाळांच्या जोडीला कौन्सिलचा सर्वांत जास्त पैसा जातो तो इथेच, त्यामुळे लहान भावाला सायकलवाटांसारखं किरकोळ खातं देऊन गप्प बसवलं असं कोणी म्हणू नये. उलट पैसा कमी पडला की लोकांचा राग पहिल्यांदा ज्या खात्यावर निघतो, तेच त्यांच्या वाट्याला आलं.

पक्षांतराचं विचाराल तर इथे आपल्यासारखा पक्षांतरबंदीचा कायदा नाही. सदस्य गट सोडून दुसरीकडे बसला तरी जागा शाबूत. तरीही कोणाला उचलून रिसॉर्टवर नेल्याचं मी ऐकलेलं नाही!

पुढची निवडणूक मे 2027 मध्ये आहे. तुम्ही वेल्समध्ये रीतसर व्हिसावर राहत असाल तर भारतीय पासपोर्ट असूनही कौन्सिलसाठी मत देता येतं, कारण आपण कॉमनवेल्थचे नागरिक. वय 16 पुरे. फोटो ओळखपत्र संसदेच्या निवडणुकीला लागतं, या निवडणुकीला नाही. मतदार यादीत नाव मात्र हवं, ते ऑनलाइन पाच मिनिटांत होतं.