भंगारात निघालेलं इंजिन आधी घरी आणा

धायरीच्या एका वाचकाचं पत्र आलं आहे. वय ३६, चाकणला टूलरूममध्ये नोकरी, पाच महिन्यांनी घरात दुसरं बाळ येणार. २०१९ साली त्यांनी एक मारुती एस्टीम ७० हजारांना घेतली. नोंदणी नोव्हेंबर २००६ची, २०२१ मध्ये नूतनीकरण झालेलं. मूळ १.३ लिटरचं इंजिन काढून जुन्या बलेनोचं १.६ बसवायचं, असा बेत होता. ते १.६ पूर्ण नव्याने बांधून झालं आहे: फोर्ज्ड पिस्टन, नवे बेअरिंग, बोअरिंग-होनिंग, हेडचं पोर्टिंग. एकट्या इंजिनावर ३ लाख १० हजार गेले, गाडीचा खर्च धरून एकूण ५ लाख ४० हजार. इंजिन स्टँडवर आहे, अजून एकदाही सुरू झालेलं नाही. गाडी ताडपत्रीखाली, भाड्याच्या शेडमध्ये, महिना १,८०० रुपये. वैयक्तिक कर्जाचे २ लाख ८० हजार बाकी, १४ टक्के दराने, ९,५७० रुपयांचे ३६ हप्ते. हाताशी शिल्लक ६० हजार.

एकजण सगळं मिळून १ लाख ३० हजारांना मागतोय. गॅरेजवाला म्हणतो, आणखी दोन लाख घाला, पाच लाखांना जाईल. काय करू, असं ते विचारतात.

पाच लाखांचा विषय आधी संपवू. तुम्ही इंजिनाचा खर्च फोडून दिलाय, ते बरं झालं. त्यात मशीनिंग आणि मजुरीचे मिळून १ लाख २० हजार आहेत. घरातल्या कुणाबरोबर लक्ष्मी रोडला जुना दागिना मोडायला गेला असाल, तर पुढचं सांगायला नको. सोनार सोन्याचं वजन धरतो, घडणावळ धरत नाही. तुमच्या कामाचं कौतुक करणारे पन्नास भेटतील, त्याचे पैसे देणारा क्वचित. ज्याला अशी एस्टीम हवी असते, त्याला ती बहुधा स्वतःच्या हाताने बनवायची असते; आणि ज्याला तयार गाडी हवी असते, तो पाच लाखांत वॉरंटीवाली सेकंडहँड गाडी बघतो.

त्यात कागद आडवा येतो. आरसीवर १,२९८ सीसी आणि बॉनेटखाली १,५९०. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे आरसीवरचा तपशील कंपनीच्या मूळ तपशिलापेक्षा वेगळा होईल असा बदल मालकाला करता येत नाही, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तेच स्पष्ट केलं. इंजिन बदलायचं तर नोंदणी कार्यालयाची मंजुरी लागते. दोन लाख घालून जी गाडी तयार होईल, ती रस्त्यावर न्यायला तुम्हालाच धाकधूक वाटेल. अपघात झाला तर विमा कंपनी पहिला प्रश्न इंजिनाचाच काढेल. गॅरेजवाला खोटं बोलतोय असं नाही. त्याचे दोन लाख पक्के आहेत, तुमचे पाच कच्चे आहेत, इतकंच.

आता पत्रातली एक ओळ, जी तुम्ही सहज लिहून गेलात: "जुनं १.३ इंजिन गॅरेजमध्येच पडून आहे, चालू होतं, भंगारात चार हजार येतील." ते विकू नका. तुमच्या सगळ्या पसाऱ्यात कायद्याच्या नजरेत 'गाडी' उभी राहते ती त्या इंजिनामुळे, कारण आरसीवर नंबर त्याचा आहे. ते गेलं की ताडपत्रीखाली उरतो तो पत्रा. ते जागेवर बसलं, की तीच वस्तू चालती, कागद असलेली एस्टीम होते, आणि तिला गिऱ्हाईक वेगळं असतं: ज्याला ड्रायव्हिंग शिकायचंय, ज्याची स्वतःची जुनी एस्टीम आहे आणि सुटे भाग हवेत, किंवा तुमच्यासारखाच एखादा.

म्हणजे विकायच्या वस्तू दोन. बांधलेलं १.६ वेगळं, मूळ इंजिनासह गाडी वेगळी. एकत्र विकलं तर घेणारा दोन्हींतल्या उणिवा मोजतो आणि भाव एकाचाच देतो. तुम्हाला आलेली मागणी नेमकी तशी आहे.

१.६ ला पुढचा पावसाळा लागू देऊ नका. न चालवलेलं इंजिन जपून ठेवलं तरी सिलिंडरच्या भिंतीवरचं तेल उतरत जातं, पुण्याच्या जुलै-ऑगस्टची दमट हवा रिंगांवर, कॅमवर काम करत राहते. प्लगच्या भोकांतून तेल सोडा, तोंडं बंद करा, अधूनमधून क्रॅंक हाताने फिरवा, हे तुम्हाला मी शिकवायला नको. पण घेणाऱ्याची शंका तेवढ्याने जात नाही. तो म्हणणार, सुरू करून दाखवा. म्हणून आणखी एकही रुपया घालू नका असं मी म्हणणार नाही. एक खर्च मला मान्य आहे. स्टँडवर वायरिंग जोडून ते सुरू करा, रिंगा बसू द्या, मग ऑइल प्रेशर आणि चारही सिलिंडरचं कॉम्प्रेशन मोजतानाचा सलग व्हिडिओ काढा. तुमच्या गॅरेजचा अंदाज १२ हजारांचा आहे. मशीनशॉपच्या मापांचे कागद, पार्टची बिलं, उघड्या इंजिनाचे फोटो एका फाइलमध्ये लावा. या इंजिनाची अर्धी किंमत त्या फाइलमध्ये आहे. आणि ते १.६ जिथून आणलं, त्याची पावती शोधा, त्यावर इंजिन नंबर हवा. नुसती चिठ्ठी असेल तर त्या दुकानदाराकडून आजच बिल करून घ्या. ते चोरीच्या गाडीचं नाही, हे उद्या तुम्हाला दाखवता आलं पाहिजे.

आकडे मांडू. इंजिनाचे दीड लाख, मूळ इंजिन बसवलेल्या गाडीचे ६० हजार, असा माझा अंदाज. मुद्दाम हात आखडता ठेवलाय. एकूण २ लाख १० हजार. त्यातून इंजिन सुरू करण्याचे १२ हजार आणि मूळ इंजिन बसवणं, विमा, पीयूसी यांचे १८ हजार गेले, की १ लाख ८० हजार उरतात. याला चार महिने लागले असं धरा. थांबण्याची किंमत काढताना अख्खं कर्ज धरायचं नाही. विक्रीतून जेवढं फिटणार, तेवढ्यावरचंच व्याज धरायचं. मी १ लाख २० हजार धरलेत: महिन्याला १,४०० व्याज, अधिक शेडचे १,८००, म्हणजे ३,२००. चार महिन्यांचे १२,८००. हाती पडले १ लाख ६७ हजार.

त्यामुळे समोरच्याला माझं उत्तर सरळ आहे. सगळ्याचे १ लाख ६५ हजार देत असेल तर या आठवड्यात देऊन टाका, दोन हजारांसाठी चार महिने घासाघीस करू नका. १ लाख ३० ला मात्र नको.

पण त्याची दुसरी अट मला भावापेक्षा जास्त खटकते. "ट्रॅकवरच चालवणार, आरसी तुमच्याच नावावर राहू दे." अजिबात नाही. २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार या खटल्यात सांगितलं, की गाडी हातोहात कितीही फिरली असली तरी नोंदणीत ज्याचं नाव, अपघाताच्या भरपाईसाठी मालक तोच. मालकी बदलण्याच्या फॉर्म २९ आणि ३० वर सह्या, नावावर झाल्याची खात्री, मग किल्ली. खरंच फक्त ट्रॅकसाठी हवी असेल, तर आधी आरटीओत नोंदणी रद्द करून घ्या आणि मग द्या. याला तयार नसेल तर पावणेदोन लाख दिले तरी त्याला नमस्कार करा.

हस्तांतराची घाई आणखी एका कारणाने. येत्या नोव्हेंबरला गाडीला २० वर्षं होतात आणि नूतनीकरणाची मुदतही तेव्हाच संपते. वीस वर्षांपुढच्या कारच्या नूतनीकरणाचं शुल्क २०२५ पासून १० हजार आहे, पर्यावरण कर वेगळा, आणि उशीर झाला तर महिन्याला ५०० रुपये. हा भार घेणाऱ्याच्या डोक्यावर येणार असेल तर तो तुमच्या भावातून कापेल. म्हणून दसऱ्याच्या आत व्यवहार उरका.

आयकराची काळजी करू नका. स्वतःच्या वापराची गाडी भांडवली मालमत्तेत मोडत नाही. नफ्यावर कर नाही, तसा हा तोटा दुसऱ्या नफ्यातून वजाही करता येणार नाही.

आलेल्या पैशांतून पहिले ६० हजार बाळंतपणासाठी बाजूला ठेवा, म्हणजे आधीच्या शिल्लकीसह १ लाख २० हजार रोख राहतील. १४ टक्क्यांचं कर्ज असताना रोकड ठेवायला सांगतोय, म्हणून हिशेबी लोक मला हसतील. हसू देत. हॉस्पिटलमध्ये रात्री दोन वाजता डिपॉझिट भरायचं असतं, तेव्हा लवकर फेडलेलं कर्ज परत मिळत नाही. उरलेले १ लाख २० हजार कर्जात भरा. आजच्याच बाकीवर हिशेब केला, तर हप्ता ९,५७० च ठेवून ३६ ऐवजी १९ हप्त्यांत सुटाल आणि सुमारे ४५ हजार व्याज वाचेल. बँका बऱ्याचदा हप्ता कमी करून मुदत तीच ठेवतात; म्हणून 'हप्ता तोच, मुदत कमी' असं लेखी द्या. मुदतीआधी पैसे भरण्याचं शुल्क किती, तेही करारात बघा, तेवढं या ४५ हजारांतून वजा होईल.

मी हे कोरडेपणाने लिहितोय असं वाटत असेल, तर सांगतो: आमच्या पार्किंगमध्ये एक येझदी सहा वर्षं टायर खाली करून उभी आहे. ती कुणाची, हे सोसायटीच्या बैठकीत दरवेळी विचारलं जातं आणि मी दरवेळी पाणी प्यायला उठतो. तिच्यावर कर्ज नाही, एवढाच आपल्यात फरक.

तर रविवारी छोटा टेम्पो घेऊन गॅरेजला जा आणि ते १.३ घरी आणा. ब्लॉकवरचा नंबर तारेच्या ब्रशने घासून नीट वाचा, फोटो काढा, आरसीवरच्या नंबराशी एकेक आकडा ताडून बघा. २०१९ च्या आधीच्या मालकानेही तेव्हा कुठलं तरी इंजिन बदललं असू शकतं. नंबर जुळला नाही, तर वरचे ६० हजार विसरा, कुणाशीही सौदा करू नका, आणि मला लगेच लिहा.