‘मॅडम, स्मरणशक्तीसाठी तेल घेऊ का?’

राज्यसेवेची परीक्षा जवळ आली की माझ्याकडे समुपदेशनासाठी येणारी मुलं हमखास एक प्रश्न विचारतात, ‘डोकं जड झालंय, वाचलेलं राहत नाही. अमुक तेल घेऊ का?’ कुणाला ब्राह्मी सुचवलेली असते, कुणाला मालकांगोणी. आयांचे फोन येतात, ‘आयुर्वेदिकच आहे, अपाय तर नाही ना होणार?’ त्या सगळ्यांसाठी एका मुलाची गोष्ट सांगते. त्याला सागर म्हणू. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

सागर बीडकडचा, सदाशिव पेठेत कॉट बेसिसवर राहणारा, दोनदा मुख्य परीक्षेपर्यंत जाऊन परतलेला. बोलता बोलता त्याने सॅकमधून बाटली काढून टेबलावर ठेवली. मालकांगोणीचं गडद तेल, उग्र वास. लेबलवर मेंदूचं चित्र आणि ‘स्मरणशक्ती दुप्पट’. परवाना क्रमांक, बॅच, मुदत यांतलं काहीच नाही.

‘किती घेतोस?’

‘आधी पाच थेंब, दुधातून. आता चमचाभर.’

‘कुणी सांगितलं?’

‘रूममेटने. त्याने व्हिडिओ पाहिला होता.’

छातीत जळजळ आणि जुलाब तेव्हापासूनच सुरू झाले होते. ‘दुसरं काही औषध?’ असं विचारल्यावर तो घुटमळला. मनोविकारतज्ज्ञांनी चिंतेसाठी दिलेली रोजची गोळी त्याने परस्पर बंद केली होती. तेल नैसर्गिक, मग गोळी कशाला, असा त्याचा हिशेब. अशी गोळी एकदम सोडली की घेरी येऊ शकते, झोप उडते, चिडचिड वाढते. सागरला नेमकं तेच होत होतं. त्याला वाटलं, मेंदू कमजोर झाला. म्हणून तो तेल वाढवत गेला.

औषध सुरू-बंद करणं माझं काम नाही. त्याला त्याच दिवशी त्याच्या डॉक्टरांकडे परत पाठवलं आणि तेल थांबवून बाटली वैद्यांना दाखवायला सांगितलं. मालकांगोणी म्हणजे ज्योतिष्मती. भावप्रकाश या आयुर्वेदाच्या जुन्या ग्रंथात ती बुद्धी आणि स्मृती देणारी म्हटली आहे, तशीच अतिउष्ण, तीक्ष्ण आणि वांती करणारीही. व्हिडिओत ही दुसरी बाजू नव्हती.

पोट सावरलं, झोप परत आली, तरी ‘मला काही आठवत नाही’ हे पालुपद सुटेना. एका भेटीत मी म्हटलं, ‘पंचायत राज मला येत नाही असं समज. सांग.’ तो सुरू झाला. बलवंतराय मेहता समिती, वसंतराव नाईक समिती, 1 मे 1962 पासून आपल्याकडच्या जिल्हा परिषदा, 73वी घटनादुरुस्ती, 24 एप्रिल 1993, अकराव्या अनुसूचीतले 29 विषय. मध्येच गावच्या ग्रामसभेत कोण कसं भांडतं तेही रंगवून सांगितलं. मी एकदाही टोकलं नाही.

तो थांबल्यावर विचारलं, ‘यातलं विसरलास काय?’

बराच वेळ तो गप्प होता. मग म्हणाला, ‘पेपर हातात आला की वाटतं, यंदा नाही झालं तर घरी तोंड कसं दाखवू. मग प्रश्न दिसतच नाही.’

इतके आठवडे आम्ही ज्याच्या शोधात होतो ते सापडलं होतं. स्मरणशक्ती शाबूत होती, वाट भीतीने अडवली होती. परीक्षेपेक्षा तिच्याविषयी आपण मनाशी जे बोलतो ते जास्त छळतं, यावर माझा ठाम विश्वास आहे आणि माझं सगळं काम त्यावरच उभं आहे. पुढच्या भेटी आम्ही त्या ‘तोंड कसं दाखवू’वर घालवल्या. सराव परीक्षेत त्याचे गुण थोडेच वाढले, पण पेपर त्याने शेवटच्या प्रश्नापर्यंत सोडवला.

म्हणजे तेलं फेकून द्या असं मी म्हणत नाही. ब्राह्मीवर चांगल्या चाचण्या झाल्या आहेत, पण त्या चाचण्या अर्काच्या आणि बहुतेक 12 आठवड्यांच्या. परीक्षेच्या आदल्या आठवड्यात तिच्याकडून चमत्कार मागू नये, आणि तिनेही काहींना मळमळतं, शौचाला वरचेवर जावं लागतं. मात्रा वैद्यांनी ठरवावी. गर्भारपणात, अंगावर पाजताना, फिट येत असतील किंवा रक्त पातळ करणाऱ्या, थायरॉइडच्या, झोपेच्या वा मनाच्या गोळ्या चालू असतील, तर विचारल्याशिवाय थेंबही नको. डोक्याला लावायचं तेल पोटात घ्यायचं नसतं. निलगिरीचं किंवा कापराचं तेल तर कधीच नाही, थोडंसं गेलं तरी झटके येऊ शकतात. उलट्या, पुरळ, डोळ्यांत पिवळेपणा दिसला तर थांबा आणि बाटली घेऊनच डॉक्टरांकडे जा.

आयांनो, मुलगा तेल मागेल तेव्हा आधी विचारा, झोपतोस किती, चहा किती होतो, कोणती गोळी सोडली आहेस का, आणि नापास झालास तर काय होईल असं वाटतं? शेवटच्या प्रश्नावर तो गप्प झाला तर घाई करू नका, शेजारी बसून राहा. जगणं नको असं काही बोलला तर मात्र वेळ न घालवता डॉक्टरांकडे न्या. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य सेवेचा 14416 हा मोफत क्रमांक रात्रीही चालू असतो.