‘त्याच्यात काही कमी आहे का, मॅडम?’

आई आधी एकटीच आत आली. मुलगा बाहेर बाकावर बसून होता, किटबॅग मांडीवर घट्ट धरून. खुर्चीवर नीट टेकण्याआधीच तिनं विचारलं, “मॅडम, खरं सांगा, त्याच्यात काही कमी आहे का?”

फुटबॉल अकॅडमीत खेळणाऱ्या मुलांच्या घरून हा प्रश्न समुपदेशक म्हणून माझ्याकडे फार वेळा येतो, शब्द तेवढे बदलतात. “बरोबरीचा पोरगा वरच्या संघात गेला, आमचा बेंचवरच.” “एवढी मेहनत करतो, मग घोडं अडतं कुठे?” “आता सोडून दे म्हणावं का त्याला?” म्हणून या एका मुलाची हकिकत इथे मांडते आहे. त्याची आणि घरच्यांची परवानगी घेतली आहे आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

मुलगा १४ वर्षांचा, मिडफील्डमध्ये, म्हणजे मैदानाच्या मधल्या फळीत खेळणारा. दहाव्या वर्षी ट्रायलमधून निवडला गेला तेव्हा त्याच्या पायातला चेंडू काढून घेणं कुणाला जमत नसे. तीन वर्षं छान गेली. चौथ्या वर्षी तो सुरुवातीच्या अकरांतून बाहेर पडला. आधी अर्धा सामना, मग शेवटची दहा मिनिटं, मग तीही बंद. त्यानंतर सामन्याच्या आदल्या रात्री पोटात दुखायला लागलं. डॉक्टरांना तपासणीत काही सापडलं नाही. सहा महिन्यांवर अकॅडमीचा वार्षिक रिव्ह्यू होता. कुणाला ठेवायचं आणि कुणाला सोडायचं, हे त्यात ठरणार होतं.

घरात या सगळ्याचं निदान कधीच करून झालं होतं. बाबा म्हणत, उंची कमी पडते. आई म्हणे, कोचचा दुसऱ्याच एका मुलावर जीव आहे. मुलाला विचारलं तर तो बुटांच्या नाड्यांशी चाळा करत म्हणाला, “मी लहान दिसतो ना सगळ्यांत.”

उंचीची गोष्ट खोटी नव्हती. त्याचा जन्म डिसेंबरचा आणि वयोगट ठरायचा १ जानेवारीपासून. म्हणजे संघातल्या जानेवारीत जन्मलेल्या मुलापेक्षा तो जवळजवळ एका वर्षानं लहान. १९८०च्या दशकात कॅनडातल्या आइस हॉकीत पहिल्यांदा हे ठळकपणे दिसलं, नंतर फुटबॉलमध्येही तेच आढळलं: निवडलेल्या मुलांमध्ये वर्षाच्या पहिल्या तीन महिन्यांत जन्मलेल्यांची गर्दी असते आणि शेवटच्या तीन महिन्यांतली मुलं मोजकीच. त्यात वयात येण्याचा वेग प्रत्येकाचा वेगळा. मुलांची उंची साधारण तेराव्या-चौदाव्या वर्षी सर्वांत झपाट्यानं वाढते, पण कुणाची बाराव्यातच, तर कुणाची पंधरावं उलटल्यावर. एकाच वर्गात बसणाऱ्या दोन मुलांच्या हाडांच्या वयात, म्हणजे शरीर वाढीच्या कोणत्या टप्प्यावर आहे त्यात, तीन-चार वर्षांचं अंतर असू शकतं. मैदानावर हे अंतर दिसत नाही. दिसतं ते एवढंच, की एक जण धडक देतो आणि दुसरा पडतो.

हे मी आईबाबांना समजावून सांगितलं. उदाहरणंही दिली. क्रोएशियाचा नामवंत मिडफील्डर लूका मोद्रिच, त्याला लहानपणी किरकोळ अंगाचा म्हणून नाकारलं होतं. आंत्वान ग्रिझमनला उंचीमुळे फ्रान्समधल्या क्लबांनी घेतलं नाही, तेव्हा तो कोवळ्या वयात स्पेनला गेला आणि २०१८ मध्ये फ्रान्सकडून विश्वचषक जिंकला. पुढे इंग्लंडचा कर्णधार झालेल्या हॅरी केनला आर्सेनल क्लबच्या अकॅडमीनं लहानपणीच सोडलं होतं. बाबांच्या चेहऱ्यावर कितीतरी दिवसांनी हसू आलं असावं.

इथे माझी चूक झाली. ती सांगायलाच हवी, कारण बहुतेक घरांत हीच होते.

तीन आठवड्यांनी ते पुन्हा आले तेव्हा पोटदुखी तशीच होती आणि मुलगा आणखी गप्प झाला होता. बाबा मात्र निवांत होते. “उंची वाढली की सगळं मार्गी लागेल,” असं ते दोन-तीनदा म्हणाले. मुलगा हळूच म्हणाला, “आणि नाही वाढली तर?” मी दिलेल्या माहितीनं घराला दिलासा मिळाला होता, पण मुलाच्या हातून उरलासुरला लगामही सुटला होता. उंची काही सरावानं वाढत नाही. खेळ अडण्याचं कारण उंचीच असेल, तर त्यानं करायचं काय? वाट बघायची. चौदा वर्षांच्या मुलाला सहा महिने नुसती वाट बघायला लावणं म्हणजे शिक्षाच.

नेदरलँड्समध्ये निको व्हॅन इपेरन या मानसशास्त्रज्ञांनी केलेला एक अभ्यास मला अशा वेळी आठवतो. अकॅडमीतल्या ६५ युवा खेळाडूंची माहिती त्यांनी आधी घेऊन ठेवली होती आणि १५ वर्षांनी कोण कुठे पोहोचलं ते पाहिलं. १८ जण व्यावसायिक फुटबॉलमध्ये टिकले, ४७ जण नाही. सुरुवातीचं कौशल्य हिशेबात धरूनही दोन्ही गटांत फरक उरला तो तीन बाबतींत. टिकलेल्यांची ध्येयाशी बांधिलकी जास्त होती. अडचण आली की ते त्या अडचणीलाच हात घालत. आणि गरज पडली की मदत मागत. आणखीही काही घटक होते, पण माझ्यासमोर बसलेल्या मुलाला उपयोगी पडतील असे हेच तीन. हा निष्कर्ष मी जादूची कांडी म्हणून वापरत नाही. ६५ मुलं म्हणजे काही सगळं जग नव्हे. पण अडचणीला हात घालायचा तर ती नेमकी कोणती, हे आधी कळायला हवं. या घरात तिघांनी तीन कारणं ठरवली होती आणि ज्याला माहीत असण्याची सर्वांत जास्त शक्यता होती, त्या कोचला कुणी विचारलंच नव्हतं.

“मी बोलतो उद्याच,” बाबा म्हणाले.

मी त्यांना थांबवलं. प्रश्न मुलानंच विचारायचा होता. त्यासाठी आम्ही एक अख्खा तास दिला. त्याचं पहिलं वाक्य होतं, “सर, मला खेळवत का नाही?” मी कोचच्या भूमिकेत बसले आणि त्याला ते मोठ्यानं म्हणायला लावलं. त्याचं त्यालाच जाणवलं, “हे भांडायला आल्यासारखं वाटतंय.” दुसरं वाक्य होतं, “सर, माझं काय चुकतं?” ते म्हणताना त्याचे खांदे पडले. चार-पाच वेळा खाडाखोड करून त्यानं वहीत लिहिलं: “सर, मिडफील्डमध्ये तुम्हाला जे हवं आहे, त्यातलं काय अजून माझ्या खेळात दिसत नाही?” वाक्य त्याचं स्वतःचं होतं. म्हणून ते त्याच्या तोंडी बसलं.

पहिल्या खेपेला तो विचारू शकला नाही. सराव संपल्यावर चेंडू गोळा करण्याच्या बहाण्यानं रेंगाळला, कोच फोनवर बोलत होते, आणि तो परतला. मला सांगताना डोळ्यांत पाणी होतं. मी म्हटलं, “रेंगाळलास ना? मग अर्धं अंतर कापलंस.” पुढच्या आठवड्यात त्यानं विचारलं.

कोच म्हणाले, “तुझे पाय चांगले आहेत. पण चेंडू यायच्या आधी तू मागे वळून बघत नाहीस.”

उंचीचा शब्दही नाही.

बारा वर्षांखालच्या संघात हे खपून जात होतं. चेंडू घ्यायचा, थांबवायचा, मान वर करायची, मग ठरवायचं, एवढा वेळ तिथे मिळतो. चौदाव्या वर्षी मागून येणारा प्रतिस्पर्धी वेगानं येतो. तोवर ठरलेलं नसेल तर चेंडू गेलाच. धडक बसली की मुलगा पडायचा आणि बघणाऱ्याला वाटायचं, अंगानं कमी पडला. खरं तर तो दीड सेकंद उशिरा होता. इंग्लिश प्रीमियर लीगच्या मिडफील्डरांवर झालेल्या अभ्यासातही दिसलं आहे, की चेंडू येण्यापूर्वी जे जास्त वेळा आजूबाजूला बघतात, त्यांचे पास जास्त वेळा साथीदारापर्यंत पोहोचतात.

मग घरी एक सराव सुरू झाला. मुलगा भिंतीवर चेंडू मारायचा आणि आई त्याच्यामागे सात-आठ पावलांवर उभी राहून बोटं दाखवायची. चेंडू भिंतीवरून परत पायाशी येण्याआधी त्यानं मान वळवून आकडा म्हणायचा. तीन. पाच. एक. आकडा चुकला किंवा चेंडू निसटला की पुन्हा पहिल्यापासून. पहिल्या दिवशी सलग चारसुद्धा जमले नाहीत. तिसऱ्या आठवड्यात आई दमून खुर्ची घेऊन बसायला लागली, तरी हा थांबेना. ज्या आईला कोचचा राग येत होता, ती आता कोचनं सांगितलेलं काम रोज संध्याकाळी करत होती. त्या घरात याहून मोठी घडामोड मी पाहिली नाही.

बाबांसाठी एकच काम होतं, आणि ते सर्वांत अवघड होतं. सामन्याहून परत येताना गाडीत खेळाबद्दल अवाक्षर काढायचं नाही, मुलानं विषय काढल्याशिवाय. पोटदुखीचं मूळ बरंचसं त्या गाडीत होतं, हे मुलानं मला दुसऱ्याच भेटीत सांगितलं होतं. बाबा वाईट नव्हते. ते फक्त प्रत्येक पासचा हिशेब मांडत. पहिला महिना त्यांनी दात-ओठ खात काढला. पाचव्या सामन्यानंतर मुलगा आपणहून म्हणाला, “आज दोनदा मागे बघायला विसरलो.” बाबा “हं” म्हणाले आणि गाडी चालवत राहिले. त्या “हं”साठी मी त्यांना मनापासून दाद दिली.

याच काळात माझ्याकडे दुसरा एक मुलगा येत होता. त्याच्याबद्दल थोडक्यात सांगते, कारण जास्त सांगण्याचा मला अधिकार नाही. लवकर वयात आलेला, अंगानं दांडगा, तेराव्या वर्षी सगळ्यांच्या पुढे. त्याला आजवर कशाचीच अडचण आली नव्हती, त्यामुळे अडचण आल्यावर काय करायचं हे माहीतच नव्हतं. बाकीच्यांची उंची त्याच्याइतकी झाली आणि त्याच सुमारास त्याचा गुडघा दुखू लागला. गुडघ्याच्या वाटीखाली होणारं असं दुखणं वाढत्या वयात नेहमीचं आहे, वेळीच सांगितलं आणि भार कमी केला तर बहुतेकदा निभावतं. त्यानं दोन महिने कुणालाच सांगितलं नाही. जागा जाईल ही भीती. सोळाव्या वर्षी अकॅडमीनं त्याला सोडलं. त्याच्या कौशल्याबद्दल मला आजही शंका नाही. कुणाला तरी “दुखतंय” म्हणायला त्याला कुणी शिकवलं नव्हतं, आणि मीही उशिरा पोहोचले.

“सोडून दे म्हणावं का?” हा प्रश्न उरतोच. मी उलट विचारते, पहाटेचा गजर कोणाच्या फोनवर लागतो? मुलाच्या फोनवर लागत असेल आणि तो आपणहून उठत असेल, तर अजून त्याला सोडायला लावू नका. रोज बाबाच उठवत असतील, तर आधी मुलाशी बसून बोला. ध्येय कुणाचं आहे ते तिथे कळतं. आणि हेही सांगते, की चांगल्या अकॅडमीतलीसुद्धा बहुतेक मुलं व्यावसायिक खेळाडू होत नाहीत. वरच्या आकड्यात ६५ पैकी ४७ होती. त्यांच्यात काही कमी होतं असं मी कुठल्याही आईला म्हणणार नाही. जागाच थोड्या असतात. दुखापत, कोच बदलणं, त्या वर्षी त्याच जागेवर कोण खेळतंय, यातलं बरंचसं मुलाच्या हातात नसतं. जे हातात असतं, तेवढं त्याच्या हातात राहू द्यावं, याच्यासाठी माझी धडपड असते.

रिव्ह्यूमध्ये त्याला एका वर्षासाठी ठेवलं. फक्त एका वर्षासाठी, आणि अजून तो बहुतेक वेळा बदली खेळाडू म्हणूनच उतरतो. उंची जेमतेम दोन सेंटीमीटर वाढली आहे. पोट अधूनमधून दुखतं, पण आता तो ते आईला सांगतो.

शेवटच्या भेटीत आई आत आली ती हसतच. मुलाला आदल्या सामन्यात वीस मिनिटं मिळाली होती. सामना कसा झाला, असं मी विचारलं.

“पहिल्या पाच मिनिटांत अकरा वेळा मान वळवली त्यानं,” ती म्हणाली. “मी बोटांवर मोजत होते.”

“आणि निकाल?”

तिनं मुलाकडे बघितलं. “काय रे, किती झाले होते आपले?”