सोमवारची वाट पाहू नका, ताई

ताई, लेकराच्या तिरळेपणाच्या ऑपरेशनला चार दिवस झाले, काल उतरलेली सूज आज पुन्हा चढली, अंगात ताप आहे, तर सोमवारी ओपीडी उघडेपर्यंत थांबू का, असं तुम्ही विचारलंय. वाचून पोटात गोळाच आला. थांबू नका. आजच निघा.

मी डॉक्टर नाही, यवतमाळकडच्या एका खेड्यातली आई आहे. डोळा लाल राहणं, पाण्यात थोडं रक्त येणं आम्हालाही सांगितलं होतं. पण ते रोज थोडं थोडं ओसरायला हवं. आमच्या पोराची पापणी चौथ्या दिवशी वांग्यासारखी जांभळी, चकचकीत झाली. कापसानं चिपडं पुसायला गेले तर हात झटकला. दुपारी भाकरीलाही उठलं नाही.

तालुक्याच्या एका दवाखान्यात नेलं. तिथल्या साहेबांनी खुर्चीतूनच बॅटरी मारली. "डोळे आले आहेत, साथ चालू आहे." ऑपरेशन झालंय हे मी दोनदा सांगितलं. ऑपरेशनचं कार्ड मात्र घरी फ्रिजवर राहिलेलं, ती चूक माझीच. थेंब दिले, तीन दिवसांनी या म्हणाले. त्या थेंबांच्या भरवशावर आम्ही दीड दिवस घालवला, तो मला अजून झोपू देत नाही. नागपूरला पोचेस्तोवर डोळा पुढं आला होता, फिरत नव्हता. सीटी स्कॅनमध्ये डोळ्याच्या भोवती पू दिसला. लगेच भरती, सुईतून अँटिबायोटिक, मग पू काढला. नजर वाचली बाप्पा, पण थोडा तिरळेपणा परत आलाय.

हे हजारात एखाद्याच लेकराला होतं म्हणतात. म्हणून तर गावाकडं कुणाला पटकन ओळखू येत नाही, असं माझं मत. बुबुळात पांढरट दिसलं, उलट्या झाल्या, लेकरू सारखं पेंगत असलं तर आणखीच घाई करा. डोळ्याच्या आत जंतू गेले तर नजरच जाते, असं आम्हाला तिथं सांगितलं. घरात उरलेले थेंब डोळ्यात घालू नका, त्यात स्टेरॉइड असलं तर जंतूंना मोकळं रानच. आईचं दूध, काजळ, गुलाबपाणी, काहीच नको. सासूबाई रागावल्या तर रागावू द्या.

ऑपरेशन केलेल्या दवाखान्याचा फोन लागत नसेल तर ज्या मोठ्या दवाखान्यात रात्री डोळ्यांचे डॉक्टर असतात तिथं न्या. गाडी नसेल तर १०८. भूल द्यावी लागू शकते, म्हणून वाटेत खायला देण्याआधी विचारून घ्या. आणि कार्ड आत्ताच पिशवीत टाका.