खुराक तोच राहिला, मेहनत सुटली

बाळा,

परवा लग्नात भेटलास, हॉलचा एक जिना चढलास आणि कठडा धरून उभा राहिलास, आणि वर मलाच सांगतोस की काका मी पाच वर्षं पेठेकडनं फुटबॉल खेळलोय, अंग कमावलेलं आहे, मला काय होत नाही. ते काय डोक्यातनं जाईना म्हणून लिहितोय, फोनवर तू ऐकून घेत नाहीस.

मी पण हेच म्हणायचो बघ. चोविसाव्या वर्षापर्यंत रोज पहाटे तालीम, जोर-बैठका, माती. मग शिरोली एमआयडीसीत अकाउंट्सची नोकरी लागली आणि तालीम सुटली ती सुटलीच, पण खुराक सुटला नाही, सकाळी तांब्याभर दूध, रविवारी तांबडा-पांढरा, आणि कोपऱ्यावरच्या दुकानात जायचं तरी गाडीला किक. 46 व्या वर्षी शुगर निघाली, बीपी पण. कोल्हापुरात असे जुने पैलवान, जुने प्लेअर गल्लोगल्ली दिसतील तुला, खांदे अजून रुंद आणि पोट पुढं. व्यायाम बंद केला की काही आठवड्यांतच दमसास कमी व्हायला लागतो, मागची मेहनत शिल्लक राहत नाही रे.

होतं काय, जेवल्यावर रक्तात आलेली साखर उचलायचं मोठं काम स्नायूंचं, त्यातनं मांड्या-पोटऱ्यांचं जास्त. ते हलले की साखर ओढून घेतात, इन्सुलिन कमी लागतं. तू नऊ तास खुर्चीत, मग तेवढ्याच भाताला शरीराला जास्त इन्सुलिन सोडावं लागतं, आणि वर्षानुवर्षं हेच चाललं की एक दिवस ते पुरत नाही. त्यात आपल्या लोकांना डायबेटिस गोऱ्या लोकांपेक्षा कमी वयात आणि कमी वजनात होतो, आणि तुझ्या वडलांना तर आहेच.

1953 साली लंडनच्या बसवाल्यांचा एक अभ्यास छापून आला, जेरी मॉरिस आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा. डबलडेकर तीच, पण ड्रायव्हर दिवसभर बसून आणि कंडक्टर दिवसभर जिना वर-खाली, तर हार्टचा आजार कंडक्टर लोकांत कमी निघाला. नोकरीच तसली, चढ-उताराची. म्हणून म्हणतो तू जिमची फी भरायची वाट बघू नकोस, ऑफिसात लिफ्ट सोड, फोन आला की उठून चालत बोल, जेवल्यावर दहा-पंधरा मिनिटं पाय मोकळे कर, जेवणानंतरची साखर त्यानं खरंच कमी चढते, मी स्वतः मशीनवर बघितलंय.

जागतिक आरोग्य संघटना आठवड्याला किमान 150 मिनिटं सांगते, भरभर चालणं, म्हणजे बोलता येतं पण गाणं म्हणता येत नाही असं, आणि शिवाय दोन दिवस ताकदीचा व्यायाम, त्यात आपले जोर-बैठका आल्याच. 2022 च्या आकड्यांत भारतातले जवळपास निम्मे मोठे लोक एवढंही करत नाहीत, बायकांचं प्रमाण तर अजून जास्त, तेव्हा सूनबाईला घरात ठेवून एकटा फिरायला जाऊ नकोस.

आणि एक, जोशात येऊन थेट मॅच खेळायला उतरू नकोस. इतकी वर्षं बसलेल्या माणसानं एकदम पळणं धोक्याचं. आधी शुगर-बीपी तपास, आणि चढताना छातीत दाबल्यासारखं झालं तर अॅसिडिटी म्हणून सोडून न देता लगेच डॉक्टरकडं जा, त्या दिवशी जिन्यात नुसता दम होता का अजून काही, हे मला खरं सांग.

रविवारी सहाला रंकाळ्यावर ये, दोघं पण या. मी टॉवरपाशी थांबतो.

तुझा काका