विज्ञानही मतं बदलतं, मग श्रद्धेपेक्षा त्यावर जास्त भरवसा का ठेवायचा?

बदलतं म्हणूनच. ल व्हेरिए या फ्रेंच गणितज्ञाचं उदाहरण घ्या. युरेनस गणिताप्रमाणे फिरत नव्हता, तेव्हा त्याने पलीकडे एखादा ग्रह असणार असं म्हणून त्याची जागा कागदावर काढली. १८४६ मध्ये बर्लिनच्या वेधशाळेने दुर्बीण तिकडे वळवली आणि त्याच रात्री नेपच्यून सापडला, सांगितलेल्या जागेपासून एका अंशाच्या आत! पुढे बुधाच्या कक्षेतही फरक दिसला. याच गृहस्थाने १८५९ मध्ये बुध आणि सूर्याच्या मध्येही काहीतरी असावं असं मांडलं. त्या ग्रहाला व्हल्कन हे नावसुद्धा मिळालं. कित्येक वर्षं शोध चालला, हाती काही लागलं नाही. १९१५ मध्ये आइन्स्टाइनच्या सिद्धांताने बुधाचा हिशोब त्या ग्रहाशिवायच जुळला आणि व्हल्कन निकालात निघाला. ल व्हेरिए माणूस एवढा मोठा, पण त्याच्या नावाखातर ग्रह कुणी जिवंत ठेवला नाही.

ज्योतिषात भाकीत चुकलं तर जन्मवेळ चुकीची असते, प्रार्थना फळली नाही तर भक्ती कमी पडलेली असते. (सोयीचं आहे खरं.) प्रार्थनेने कुणाला शांत वाटत असेल तर माझी काहीच हरकत नाही. पण मूल तापाने फणफणलेलं असताना मंत्र की डॉक्टर, हा प्रश्न मनःशांतीचा नसतो.