'व्हनीर'चं गोत आणि उजवा रकाना

प्रिय दोस्ता,

तुझी शब्दांची वही पाहिली. डावीकडे फ्रेंच, उजवीकडे इंग्रजी, मधे उभी रेघ. 'व्हनीर' म्हणजे 'येणे' या क्रियापदाचं सगळं गोत एका पानावर गोळा केलंस, ते उत्तमच. घोटाळा आहे उजव्या रकान्यात. प्रत्येक फ्रेंच शब्दासमोर एकच इंग्रजी शब्द, आणि तोही बहुतेक वेळा नुसता दिसायला सारखा. या रकान्यावर विसंबून भाषांतर केलंस तर चुका नेमक्या कुठे होतील, ते सांगतो.

आधी मूळ. लॅटिन 'वेनिरे' म्हणजे येणे. त्याला उपसर्ग लागून हे सगळे शब्द झाले, आणि उपसर्गाची करामत आपल्याला नवी नाही. आहार, प्रहार, संहार, विहार, परिहार हे पाचही शब्द एकाच धातूचे, तरी कोणी आहाराच्या जागी प्रहार वाढत नाही. 'गम्' धातू शेजारी ठेवून बघ. 'कोंव्हांस्यों' म्हणजे घटकांनुसार थेट 'संगम', एकत्र येणं. त्यातून करार, संकेत, अधिवेशन. 'आव्हनीर' म्हणजे येणारा काळ, आपला 'आगामी'. तोच जोडून न लिहिता 'आ व्हनीर' असा तोडून लिहिला की विशेषण होतं: 'ले म्वा आ व्हनीर', आगामी महिने. 'प्रोव्हनीर' म्हणजे उगम पावणे. आपल्या कॉन्व्हेंट शाळेतलं 'कॉन्व्हेंट'ही याच घरचं: एकत्र राहणाऱ्यांचा मठ, फ्रेंचमध्ये 'कुव्हाँ'.

आता 'प्रेव्हनीर'. तुझ्या वहीत समोर 'प्रिव्हेंट' लिहिलंय. औषधाच्या माहितीपत्रकात 'प्रेव्हनीर ल मेद्सँ' असं वाक्य येतं. तुझ्या रकान्याप्रमाणे त्याचा अर्थ 'डॉक्टरांना रोखा' होईल. खरा अर्थ आहे 'डॉक्टरांना कळवा'. पारख सोपी आहे, कर्म बघ. कर्म माणूस असेल तर कळवणं किंवा बजावणं. कर्म अपघात, आजार, भांडण असं काही असेल तर टाळणं. म्हणजे 'प्रिव्हेंट' चूक नाही, अर्धंच बरोबर आहे, आणि अर्धं बरोबर असलेलं जास्त फसवतं. मूळ अर्थ 'आधी येणे'. आधी येऊन सांगितलं तर सूचना, आधी येऊन अडवलं तर प्रतिबंध. इंग्रजी 'प्रिव्हेंट'लाही पूर्वी 'आधी जाणे' हाच अर्थ होता; 1611 सालच्या इंग्रजी बायबलमध्ये तो तसा सापडतो. पुढे दोन्ही भाषांची वाट वेगळी झाली. उलट दिशेने जाताना, म्हणजे माणसाला काही करण्यापासून रोखायचं असेल तेव्हा, फ्रेंचमध्ये 'आंपेशे' वापर.

याहून महागात पडणारा शब्द म्हणजे 'एव्हांत्युएल'. करारात 'ले फ्रे एव्हांत्युएल' असं येतं आणि नवखा भाषांतरकार 'इव्हेंच्युअल' लिहून मोकळा होतो. इंग्रजीत त्याचा अर्थ 'शेवटी होणारा' असा होतो, म्हणजे खर्च होणारच असं ठरून जातं. फ्रेंच मजकूर म्हणतो, 'झालाच तर होणारा खर्च'. आपल्या सरकारी मराठीतलं 'असल्यास' इथे चपखल बसतं. इंग्रजीत 'इफ एनी'. आणि इंग्रजी 'इव्हेंच्युअली' फ्रेंचमध्ये न्यायचा असेल तर 'फिनालमाँ'. खरेदीखतात या एका शब्दावरून पैसे कोणी भरायचे ते बदलू शकतं, म्हणून याच्याखाली लाल रेघ मार.

'कोंव्हनीर'चे तीन संसार आहेत आणि ते पुढच्या छोट्या शब्दावर ठरतात. पुढे 'आ' आणि माणूस आला तर 'सोयीचं असणे'. कर्ता माणसं आणि पुढे 'द' आलं तर 'एकमताने ठरवणे'. आणि कर्ता नुसता 'इल', म्हणजे 'इल कोंव्हियाँ द' आणि पुढे क्रियापद, तर 'करणे उचित'. हा तिसरा प्रयोग तांत्रिक कामात सतत भेटेल. आयएसओच्या मानकांत इंग्रजी 'शॅल'ला फ्रेंच 'द्वा' आणि इंग्रजी 'शुड'ला 'इल कोंव्हियाँ' अशी जोडी ठरलेली आहे. म्हणजे 'इल कोंव्हियाँ'चं 'मस्ट' केलंस, तर शिफारशीची सक्ती करून ठेवशील. इंग्रजी 'कन्व्हीन' मुळात याच घरचं, पण सभा बोलावण्याचा त्याचा अर्थ फ्रेंच 'कोंव्हनीर'ला नाही, त्याला 'कोंव्होके'.

बाकीचे भराभर. 'अँकोंव्हेन्याँ' हे नाम आहे, 'तोटा, अडचण'. इंग्रजी 'इन्कन्व्हीनियंट'सारखं विशेषण नाही. 'कोंत्राव्हांस्यों' रोजच्या बोलण्यात वाहतूक पोलिसाची दंडाची पावती. 'स्युबव्हांस्यों' अनुदान. 'रव्हन्यु' उत्पन्न, पुल्लिंगी. 'आव्हन्यु' (रुंद रस्ता) आणि 'ब्याँव्हन्यु' (स्वागत) मात्र स्त्रीलिंगी आणि शेवटी एक मुका 'ई' जादा, त्यामुळे लिहिताना हमखास चूक होते.

या सगळ्यातून एक आडाखा निघतो: '-स्यों'ने संपणारी नामं बरीचशी इंग्रजीशी जुळतात, क्रियापदं फारशी जुळत नाहीत. 'प्रेव्हांस्यों', 'अँतेर्व्हांस्यों' बिनधास्त जुळव. ही नामं दोन्हीकडे कायदा, धर्म, वैद्यक अशा लेखी व्यवहारात राहिली, अर्थ फारसा हलला नाही. क्रियापदं रोज तोंडात घोळली आणि सरकत गेली. 'कोंत्राव्हांस्यों'सारखा अपवाद निघतो, म्हणून याला नियम म्हणत नाही.

व्याकरणात एक मोठी सवलत आहे: गोतातली '-व्हनीर'ने संपणारी सगळी क्रियापदं 'व्हनीर'सारखीच चालतात. एकाची रूपं पाठ केलीस की बाकीची आली. भूतकाळातलं सहायक क्रियापद मात्र वेगवेगळं. 'दव्हनीर' (बनणे), 'रव्हनीर' (परत येणे), 'पार्व्हनीर' (पोचणे), 'अँतेर्व्हनीर' (मधे पडणे) यांना 'एत्र', म्हणजे 'असणे'. 'प्रेव्हनीर', 'स्युबव्हनीर' (गरज भागवणे), 'कोंत्रव्हनीर' (नियम मोडणे) यांना 'आव्ह्वार', म्हणजे 'जवळ असणे', इंग्रजी 'हॅव'. इंग्रजीतलं 'आय हॅव बिकम' डोक्यात असलं की 'दव्हनीर'ला 'आव्ह्वार' लागतं आणि परीक्षेत तिथेच गुण जातात.

'स सुव्हनीर', आठवणे, हा माझा लाडका. कॅनडातल्या क्वेबेकच्या गाड्यांच्या पाट्यांवर 1978 पासून 'ज म सुव्हियाँ' लिहिलेलं असतं: 'माझ्या स्मरणात आहे'. जुन्या फ्रेंचमध्ये याची रचना 'इल म सुव्हियाँ' अशी होती, म्हणजे आठवण आपण होऊन मनात वर येते आणि माणूस चतुर्थीत. आपलं 'मला आठवतं' अगदी तसंच. आज पुढे 'द' लागतं. त्याच अर्थाच्या 'स राप्ले'ला लागत नाही. दोन्हींची वाक्यं शेजारी शेजारी लिही.

'द'चीच आणखी एक गंमत. 'ज व्हियाँ मांजे' म्हणजे मी जेवायला येतोय. 'ज व्हियाँ द मांजे' म्हणजे मी नुकताच जेवलो. आपलं 'जेवून आलोय' जवळचं, पण फ्रेंचमध्ये माणूस ताटावरून उठला नसला तरी चालतं. आणि 'ज व्हियाँ द पुने' म्हणजे मी पुण्याचा.

गोतात उपरे घुसवू नकोस. वारा या अर्थाचा 'व्हाँ' आणि त्यापासूनचा पंखा, 'एव्हांताय', तू 'एव्हांत्युएल'च्या खाली लिहिला आहेस. त्याचं मूळ निराळं. 'व्हांद्र', विकणे, हेही बाहेरचं. उलट 'अँव्हांते' म्हणजे शोध लावणे आणि 'अँव्हांतेर' म्हणजे मालाची यादी हे खरे नातलग तुझ्या पानावर नाहीत. शंका आली की सीएनआरटीएलच्या मोफत ऑनलाइन कोशात व्युत्पत्तीचा भाग बघ.

आता वही नव्याने मांड. आठवड्याला एकच गोत. शब्दामागे चार ओळी: उपसर्गाचं काम मराठीत, पुढे 'आ', 'द' की थेट कर्म, 'एत्र' की 'आव्ह्वार', आणि एक पूर्ण वाक्य. इंग्रजी त्या वाक्याचं लिही, शब्दाचं नको, आणि तेही पानाच्या पाठीमागे. सातव्या दिवशी मागचं पान वाचून पुढचं फ्रेंच लिहून काढ. पुढच्या आठवड्यात 'तनीर', म्हणजे 'धरणे', घे. रूपं तीच आहेत, त्यामुळे निम्मं काम झालेलं असेल. पान तयार झालं की दोन्ही बाजूंचे फोटो पाठव.